अपग्रेडनंतर मंदावलेली क्वेरी आणि एसक्यूलाइटची निदानसाधने: एक परीक्षण

डेटाबेस लायब्ररी निवडताना आपण तिचा वेग, तिच्या सुविधा आणि तिचा परवाना पाहतो. ती काही वर्षे वापरात राहिली की तिच्याबद्दलचा खरा प्रश्न वेगळाच होऊन बसतो. नवी आवृत्ती बसवली, कोडमध्ये एका अक्षराचाही बदल केला नाही, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या आणि तरीही कालपर्यंत चटकन उघडणारा अहवाल आज ताटकळत ठेवू लागला, तर कारण शोधण्यासाठी ती लायब्ररी आपल्या हातात काय देते? या परीक्षणात मी एसक्यूलाइटकडे, म्हणजे वेगळ्या सर्व्हरशिवाय प्रोग्रामच्या आतच चालणाऱ्या डेटाबेस लायब्ररीकडे, फक्त याच कसोटीवर पाहिले आहे. तिच्या इतर गुणांवर भरपूर लिहिले गेले आहे. या एका बाबीवर मात्र फार कमी, आणि रोजच्या कामात तिची गरज सर्वांत तातडीने भासते.

एसक्यूलाइटची सुरुवात २००० साली डी. रिचर्ड हिप यांनी केली. तिचा स्रोत सार्वजनिक मालकीचा आहे, २००४ पासूनच्या तिसऱ्या मालिकेने फाइलचे स्वरूप मागील आवृत्त्यांशी सुसंगत ठेवले आहे आणि २०५० सालापर्यंत ती सांभाळण्याचा निर्मात्यांचा जाहीर संकल्प आहे. या स्थैर्यामुळेच तिचे अपग्रेड लोक निर्धास्तपणे करतात. फाइल तशीच उघडते, उत्तरे तीच येतात. ती उत्तरे कोणत्या मार्गाने मिळवली जातील, याची हमी मात्र आवृत्ती बदलताना मिळत नाही. एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत क्वेरी प्लॅनच्या, म्हणजे उत्तर मिळवण्यासाठी ठरवलेल्या मार्गाच्या, स्थैर्याची एक हमी दिलेली आहे आणि ३.२०.० पासून ती कनेक्शनवर चालूही करता येते. परंतु तिच्या अटी वाचल्या की समजते की टेबलांची रचना तीच असावी, अ‍ॅनालाइझ (टेबलांतल्या माहितीची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) पुन्हा चालवलेले नसावे आणि लायब्ररीची आवृत्ती व संकलनाचे (स्रोतापासून लायब्ररी बांधण्याचे) पर्यायही तेच असावेत. म्हणजे अपग्रेड करताक्षणी ही हमी संपते. हे स्पष्टपणे लिहून ठेवल्याबद्दल मला या प्रकल्पाचे कौतुक वाटते. पण ते वाचणारे फार थोडे आहेत आणि बहुतेकांना ते क्वेरी मंदावल्यानंतरच कळते.

ऑगस्ट २०१३ मध्ये आलेली ३.८.० ही आवृत्ती या दृष्टीने महत्त्वाची होती. त्या वेळी क्वेरी प्लॅनर, म्हणजे हा मार्ग निवडणारा भाग, नव्याने लिहिला गेला. जुना प्लॅनर अनेक टेबलांच्या जोडणीत प्रत्येक टप्प्यावर त्या क्षणी सर्वांत स्वस्त दिसणारा एकच मार्ग धरून पुढे जात असे. नवा प्लॅनर एकाच वेळी अनेक उत्तम उमेदवार मार्ग सांभाळत शेवटपर्यंत जातो आणि मग निवड करतो. बहुतेक क्वेऱ्यांना याचा फायदा झाला. मात्र स्वतः एसक्यूलाइटचा स्रोत ज्या फॉसिल या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवला जातो, तिच्यातलीच एक क्वेरी नव्या प्लॅनरखाली मंदावली. निर्मात्यांनी हे प्रकरण झाकून ठेवले नाही. कारणासहित आणि उपायासहित ते कागदपत्रांत सविस्तर मांडले. त्याच्या जोडीला, अपग्रेडनंतर क्वेरी मंदावली तर कोणत्या क्रमाने काय तपासावे याची सूचीही दिली. माझ्या मते त्या एका पानाचे मूल्य कोणत्याही नव्या सुविधेपेक्षा जास्त आहे, कारण त्यात प्लॅनर विचार कसा करतो हे कळते, आणि ते कळल्याशिवाय निदान म्हणजे निव्वळ अंदाज.

फॉसिलच्या प्रकरणातले मूळ कारण आजही सर्वाधिक आढळणारे आहे, म्हणून ते जवळून पाहू. समजा, ‘नोंदी’ नावाच्या टेबलात दहा लाख ओळी आहेत. त्यात ‘ग्राहक_क्र’ या स्तंभावर एक इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची वेगळी सूची) आहे आणि ‘स्थिती’ या स्तंभावर दुसरा. ‘स्थिती’ची मूल्ये पाचच आहेत. एका विशिष्ट ग्राहकाच्या बंद झालेल्या नोंदी मागणारी क्वेरी कोणताही एक इंडेक्स वापरू शकते. ग्राहकाचा इंडेक्स धरला तर पंधरा-वीस ओळी चाळाव्या लागतील; स्थितीचा धरला तर सुमारे दोन लाख. आपल्याला हा फरक उघड दिसतो. प्लॅनरला तो दिसत नाही, कारण या डेटाबेसवर अ‍ॅनालाइझ कधीच चालवलेले नसेल, तर कोणत्याही साध्या इंडेक्सच्या पहिल्या स्तंभातील एका मूल्यामागे साधारण दहा ओळी असतील असे तो गृहीत धरतो. त्याच्या हिशेबात दोन्ही इंडेक्स सारख्याच किमतीचे ठरतात, आणि बरोबरी झाली की कोणता निवडायचा हे आतल्या बारीक हिशेबावर अवलंबून राहते. तो हिशेब आवृत्तीगणिक बदलू शकतो. म्हणजे जुनी आवृत्ती हुशार होती आणि नवी बिघडली असे काही घडलेले नसते. इतके दिवस कौल आपल्या बाजूने पडत होता, एवढेच.

प्लॅनरने निवडलेला मार्ग दाखवणारी एक्सप्लेन क्वेरी प्लॅन ही आज्ञा इथे कामी येते. जुन्या आवृत्तीत ती ‘सर्च नोंदी युझिंग इंडेक्स नोंदी_ग्राहक’ असे सांगेल आणि नव्या आवृत्तीत ‘सर्च नोंदी युझिंग इंडेक्स नोंदी_स्थिती’. अनेक जण या निकालात फक्त ‘स्कॅन’ (सगळ्या ओळी चाळणे) हा शब्द शोधतात आणि ‘सर्च’ (निवडक ओळीच पाहणे) दिसला की निश्चिंत होतात. ही सवय घातक आहे. दोन्ही ओळींत ‘सर्च’ आहे, दोन्हींत इंडेक्स वापरला आहे, आणि तरीही एकीत दुसरीच्या हजारो पट काम दडलेले आहे. म्हणून नवीन निकाल एकटा वाचून उपयोग नाही. जुन्या निकालाशेजारी ठेवून, प्रत्येक ओळीत कोणता इंडेक्स आहे आणि टेबलांचा क्रम कोणता आहे हे पाहावे लागते. ‘युझ टेम्प बी-ट्री फॉर ऑर्डर बाय’ ही ओळ नव्याने आली असेल, तर पूर्वी इंडेक्समधून आपसूक मिळणारा क्रम आता वेगळी वर्गवारी करून लावला जात आहे. ‘ऑटोमॅटिक इंडेक्स’ दिसला, तर लायब्ररी त्या क्वेरीपुरता तात्पुरता इंडेक्स बांधून, वापरून, टाकून देत आहे, प्रत्येक वेळी.

याच आज्ञेबद्दल माझी पहिली तक्रार आहे. प्लॅनरने किती ओळींचा अंदाज केला होता हे ती दाखवत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवले की प्रत्येक टप्प्यावर अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी-शेजारी दिसतात; जिथे दहाचा अंदाज होता आणि दोन लाख निघाल्या, तिथे नजर आपोआप थांबते. एसक्यूलाइटच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करून चालवण्याच्या प्रोग्राममध्ये) याच्या जवळ जाणारी स्कॅनस्टॅट्स नावाची सोय आहे. परंतु त्यासाठी लायब्ररी एका विशिष्ट पर्यायासह संकलित केलेली असावी लागते. ज्याला तिची निकड असते, त्याच्या हातात बहुधा तो पर्याय नसलेली लायब्ररी असते. दुसरी तक्रार निकालाच्या मजकुराबद्दल आहे. ३.२४.० मध्ये त्याची मांडणी झाडासारखी झाली आणि ३.३६.० मध्ये ‘स्कॅन टेबल’ऐवजी नुसते ‘स्कॅन’ लिहिले जाऊ लागले. मजकुरावर विसंबू नये असा इशारा कागदपत्रांत आहे, तरीही दोन आवृत्त्यांचे शेकडो प्लॅन यंत्राकडून ताडून पाहणाऱ्याला आधी हे वरवरचे फरक गाळण्याचे काम करावे लागते.

प्लॅनपर्यंत पोहोचण्याआधी मात्र एक पायरी आहे आणि ती चुकवली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. आपला प्रोग्राम नेमकी कोणती लायब्ररी वापरत आहे? अनेक प्रोग्रामिंग भाषांची वेष्टने (त्या भाषेतून लायब्ररी वापरू देणारे मधले थर) स्वतःसोबत एसक्यूलाइटची वेगळी प्रत घेऊन येतात, तर काही ऑपरेटिंग सिस्टिमवरची प्रत उचलतात. आपण वेष्टन अपग्रेड केले म्हणून समजतो आणि आतले इंजिन तेच राहते. किंवा याच्या उलट, आपण फक्त सिस्टिम अद्ययावत करतो आणि प्रोग्रामखालचे इंजिन बदलून जाते. एसक्यूलाइट-व्हर्जन हे फंक्शन आणि कंपाइल-ऑप्शन्स हा प्रॅग्मा (लायब्ररीची सेटिंग पाहण्याची वा बदलण्याची आज्ञा), दोन्ही प्रोग्रामच्या आतूनच, त्याच कनेक्शनवर चालवून पाहिले पाहिजेत. टर्मिनलवरच्या शेलचे उत्तर प्रोग्रामला लागू होईलच असे नाही. हे दोन प्रश्न लायब्ररीला थेट विचारता येतात आणि ती त्यांची पूर्ण उत्तरे देते, ही तिची फार मोठी जमेची बाजू आहे.

आवृत्ती निश्चित झाली की पुढची सोय अशी आहे की ती दुसऱ्या कुठल्या डेटाबेसमध्ये इतक्या सहजपणे मिळत नाही. एसक्यूलाइटचा सगळा स्रोत एका मोठ्या सी फाइलमध्ये एकत्र करून दिला जातो. जुनी आणि नवी अशा दोन फाइली घेतल्या, एकाच कंपायलरने, त्याच पर्यायांसह संकलित केल्या, की दोन शेल शेजारी-शेजारी उभे राहतात. सर्व्हर नाही, सेवा थांबवणे नाही, पोर्टची भांडणे नाहीत. एकाच डेटाबेसच्या दोन प्रती करून तीच क्वेरी दोन्हींवर चालवता येते. प्रत घेताना मात्र काळजी हवी. वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये लिहिण्याची रीत) चालू असेल तर मूळ फाइलसोबतची वॉल फाइलही महत्त्वाची असते, म्हणून साधी नक्कल करण्यापेक्षा बॅकअप ही आज्ञा वापरणे सुरक्षित. व्हॅक्यूम करून प्रत काढू नये. त्यात फाइल नव्याने रचली जाते, विखुरलेली पाने (फाइलचे समान आकाराचे तुकडे) सलग होतात आणि मूळ दुखणेच पुसले जाऊ शकते. पहिली चाचणी थंड (रिकाम्या) कॅशवर आणि दुसरी तापलेल्या (मेमरीत आधीच माहिती भरलेल्या) कॅशवर झाली, तर त्या तुलनेलाही अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक शेलमध्ये क्वेरी अनेकदा चालवून, पहिल्या फेऱ्या सोडून, उरलेल्यांचा वेळ पाहावा.

आता समजा, दोन्ही प्लॅन शब्दशः सारखे निघाले. इथे बहुतेक लेख संपतात आणि खरे निदान सुरू होते. शेलमध्ये स्टॅट्स चालू केले की प्रत्येक क्वेरीमागे क्वेरीच्या सूचना एकेक करून चालवणाऱ्या आतल्या आभासी यंत्राने किती पावले टाकली, पूर्ण टेबल चाळण्याची किती पावले झाली, किती वेळा वर्गवारी केली आणि कॅशमध्ये किती पाने सापडली वा हुकली हे आकडे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी प्रोग्राममधूनही स्टेटमेंट-स्टेटस या फंक्शनने वाचता येतात. मला हे साधन सर्वांत मोलाचे वाटते, कारण घड्याळावरचा वेळ यंत्रावरच्या इतर भारानुसार हलतो, पण पावलांची संख्या सहसा हलत नाही. पावले वाढली असतील तर लायब्ररी खरोखर जास्त काम करत आहे. पावले तितकीच पण कॅशमधली पाने हुकण्याचे प्रमाण वाढले असेल, तर दोष मांडणीत, म्हणजे पानांच्या आणि कॅशच्या रचनेत, आहे. दोन्ही आकडे तेच राहून फक्त वेळ वाढला असेल, तर संकलनाचे पर्याय, डिस्कवर लिहिण्याची पद्धत किंवा वरचे वेष्टन यांच्याकडे वळावे. अशी शाखा-शाखांनी खाली उतरणारी तपासणी करू देणारे आकडे आयते मिळणे, हे या लायब्ररीचे माझ्या दृष्टीने सर्वोत्तम अंग आहे.

मांडणीतल्या दोषाचे एक प्रत्यक्ष उदाहरण ३.१२.० या २०१६ सालच्या आवृत्तीत सापडते. त्या आवृत्तीत नव्या डेटाबेसच्या पानाचा मूळ आकार १०२४ बाइटवरून ४०९६ बाइट झाला आणि कॅशचा मूळ आकार ‘२००० पाने’ ऐवजी ‘२००० किलोबाइट’ असा ठरला. ज्यांचे पान १०२४ बाइटचे होते त्यांच्यासाठी एकूण कॅश जवळपास तितकीच राहिली. परंतु ज्यांनी आधीच विचारपूर्वक ४०९६ बाइटचे पान निवडले होते आणि कॅशला हात लावला नव्हता, त्यांची कॅश सुमारे आठ मेगाबाइटवरून दोन मेगाबाइटवर आली. प्लॅन तोच, पावले तीच, आणि तरीही मोठ्या डेटाबेसवर डिस्कच्या फेऱ्या वाढण्याची पूर्ण शक्यता. कॅशचा आकार एका ओळीच्या प्रॅग्माने वाढवता येतो. पण तो प्रॅग्मा कनेक्शनपुरताच टिकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. वॉल पद्धत फाइलमध्ये नोंदली जाते आणि पुढच्या वेळी आपोआप लागू होते; कॅशचा आकार, सिंक्रोनसची पातळी (माहिती डिस्कवर पोहोचल्याची किती कडक खात्री करायची ते) आणि मेमरी-मॅपचा आकार मात्र प्रत्येक कनेक्शन उघडताना पुन्हा सांगावे लागतात. वेष्टनाच्या नव्या आवृत्तीने कनेक्शन उघडण्याची रीत बदलली आणि आपले प्रॅग्मा त्या वाटेवरून सुटले, तर दोष एसक्यूलाइटच्या माथी मारला जातो.

लिहिण्याच्या वेगाचेही असेच आहे. एसक्यूलाइटच्या कागदपत्रांनुसार साध्या डेस्कटॉपवर ती सेकंदाला पन्नास हजार किंवा त्याहून अधिक इन्सर्ट (नवी ओळ घालण्याच्या आज्ञा) सहज करते, पण फिरत्या डिस्कवर सेकंदाला ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदलांचे गट) मात्र काही डझनच होतात, कारण प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या शेवटी माहिती डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करावी लागते. म्हणून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाणारे हजार इन्सर्ट वेष्टनातल्या बदलामुळे हजार स्वतंत्र ट्रान्झॅक्शन झाले, तर होणारी घसरण प्रचंड असते, आणि ती कोणत्याही क्वेरी प्लॅनमध्ये दिसत नाही. ट्रेस (चालणाऱ्या प्रत्येक आज्ञेची नोंद) लावून ट्रान्झॅक्शनची सुरुवात व शेवट करणारे बिगिन आणि कमिट किती वेळा येतात ते मोजणे, एवढाच इथला सरळ उपाय आहे. संकलनातून येणारा फरकही नजरेआड करू नये: काही प्रती वॉल पद्धतीत सिंक्रोनसची पातळी मुळातच ‘नॉर्मल’ ठेवून बांधलेल्या असतात, तर मूळ स्रोत ती ‘फुल’ ठेवतो.

निदान प्लॅनपाशी येऊन थांबले, तर उपायांची क्रमवारी महत्त्वाची आहे. सर्वांत आधी अ‍ॅनालाइझ. वरच्या उदाहरणात ते चालवल्यावर एसक्यूलाइट-स्टॅट१ या टेबलात स्थितीच्या इंडेक्ससमोर ‘१०००००० २०००००’ अशी नोंद येईल. म्हणजे एकूण दहा लाख ओळी आणि एका मूल्यामागे सरासरी दोन लाख. ती वाचल्यावर प्लॅनर त्या इंडेक्सच्या वाटेला सहसा जाणार नाही. मोठ्या डेटाबेसवर संपूर्ण अ‍ॅनालाइझला वेळ लागतो, त्यासाठी ३.३२.० पासून अ‍ॅनालिसिस-लिमिट हा प्रॅग्मा आहे, आणि गरज असेल तेव्हाच आकडेवारी ताजी करणारा ऑप्टिमाइझ हा प्रॅग्मा ३.१८.० पासून आहे. हे काम लायब्ररी आपण होऊन करत नाही, याची मला खंत वाटते. अंगभूत डेटाबेसने मागितल्याशिवाय पार्श्वभूमीत काही करू नये ही भूमिका मला समजते. पण त्यामुळे असंख्य डेटाबेस वर्षानुवर्षे आकडेवारीशिवाय चालतात आणि प्रत्येक अपग्रेडला तीच जोखीम उचलतात.

अ‍ॅनालाइझ शक्य नसेल, तर क्वेरीत सूचना देता येते. स्तंभाच्या नावाआधी अधिकचे चिन्ह लावले की त्या अटीसाठी इंडेक्स वापरला जात नाही. क्रॉस जॉइन लिहिले की टेबलांचा क्रम आपण लिहिला तसाच राहतो. अनलाइकली आणि लाइकलिहुड ही फंक्शने अट किती ओळींना लागू पडेल याचा अंदाज प्लॅनरला देतात. ३.३५.० पासून विथ उपवाक्यावर (क्वेरीतल्या नाव दिलेल्या उपक्वेरीवर) मटेरिअलाइज्ड (निकाल आधी काढून साठवलेले) किंवा नॉट मटेरिअलाइज्ड असेही सांगता येते, आणि त्याच आवृत्तीपासून एकाहून अधिक वेळा वापरलेले विथ उपवाक्य न सांगताही मटेरिअलाइज केले जाते; म्हणून ३.३५.० ओलांडून अपग्रेड करणाऱ्याने आपल्या अशा क्वेऱ्या आवर्जून तपासाव्यात. या सगळ्या सूचना जपून वापराव्या लागतात, कारण माहिती बदलली तरी त्या जागच्या हलत नाहीत.

इंडेक्स्ड बाय या उपवाक्याचा उल्लेख वेगळा करायला हवा. सांगितलेला इंडेक्स वापरता आला नाही तर क्वेरी त्रुटी देऊन थांबते. कागदपत्रे स्पष्ट सांगतात की वेग वाढवण्यासाठी हे नाही. वेळेच्या दृष्टीने नाजूक क्वेरीचा प्लॅन नकळत बदलला तर चाचणीतच तो पकडला जावा, यासाठी आहे. इंडेक्स वगळला गेला किंवा त्याची रचना बदलली, तर धीमेपणाऐवजी स्पष्ट त्रुटी मिळते. इतके विचारपूर्वक दिलेले साधन माझ्या पाहण्यात फारसे कोणी वापरत नाही.

ज्यांच्या प्रोग्राममध्ये दहा-वीस महत्त्वाच्या क्वेऱ्या आहेत आणि त्यांचे प्लॅन व पावलांचे आकडे प्रत्येक आवृत्तीमागे जपून ठेवण्याची तयारी आहे, त्यांना मी ही लायब्ररी या कसोटीवर निःशंकपणे सुचवेन. ज्यांच्या क्वेऱ्या एखादे ओआरएम (कोडमधल्या वस्तूंवरून क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी) धावतेवेळी रचते आणि ज्यांना अंदाज व वास्तव यांची तुलना एका आज्ञेत हवी आहे, त्यांना हे काम जड जाईल. सगळे करूनही नव्या आवृत्तीतच दोष असल्याची खात्री पटली, तर शेलमधली फुलस्कीमा ही आज्ञा चालवावी. ती टेबलांच्या व्याख्या आणि आकडेवारीच्या टेबलांतला मजकूर एकत्र देते. तेवढ्यावरून, खुद्द टेबलांतल्या ओळी न पाठवता, निर्मात्यांना तोच प्लॅन त्यांच्या यंत्रावर उभा करता येतो. आकडेवारीत स्टॅट४ हे टेबल असेल, तर त्यात स्तंभांची काही खरी मूल्ये नमुन्यादाखल साठवलेली असतात, म्हणून गोपनीय माहितीच्या बाबतीत पाठवण्याआधी ती फाइल एकदा स्वतः वाचून घ्यावी.